उतारावर वाढणारी रेस

जुन्या डिझेल गाडीचं आयडलिंग, म्हणजे पेडलवर पाय नसतानाची इंजिनाची गती किंवा रेस, चढलं की बहुतेक गॅरेजांत पहिला हात जातो तो इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावरच्या आयडलिंग स्क्रूकडे. तो फिरवून भागलं नाही की पुढचा सल्ला तयार असतो: पंप उतरवा, कॅलिब्रेशन करून घ्या. आमच्या झेन डिझेलला हे दोन्ही सल्ले मिळाले. स्क्रू फिरवूनही झाला होता. पंप मात्र मी उतरवू दिला नाही, आणि दोष शेवटी पंपाच्या बाहेर निघाला. कोल्हापूर, सांगली, निपाणी पट्ट्यात अशा गाड्या अजून बऱ्याच फिरतात, त्यामुळे हा शोध कसा लागला ते नीट लिहून ठेवतो.

गाडी २००० सालची, एमएच ०९ पासिंगची. नाव मारुतीचं असलं तरी आतलं इंजिन प्यूजोचं आहे: टीयूडी५, १५२७ सीसी, चार सिलिंडर. एस्टीम डिझेललाही हेच इंजिन यायचं. टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही. डिझेल किती सोडायचं ते ठरवणारा रोटरी पंप, त्याच्यावरच्या लिव्हर, त्यांना ओढणाऱ्या केबली आणि परत आणणाऱ्या स्प्रिंगा, एवढाच कारभार. म्हणूनच मला हे इंजिन आवडतं. यातलं जवळजवळ प्रत्येक कारण डोळ्यांनी बघता येतं, बोटाने हलवून तपासता येतं.

थंड इंजिन सुरू केल्यावर रेस थोडी चढलेली असणं बरोबरच आहे. त्यासाठी फास्ट आयडलची सोय मुद्दाम केलेली असते. इंजिन तापलं की ती रेस आपोआप खाली यायला हवी. आमची येत नव्हती. सकाळी घरून निघून शिरोली एमआयडीसीत कंपनीच्या गेटवर पोचलो तरी गाडी त्याच चढ्या सुरात उभी. कावळा नाक्याला गर्दीत पहिल्या गिअरमध्ये पाय पूर्ण उचलला तरी गाडी पुढे रेटायची, सारखा ब्रेक धरावा लागायचा. रिव्हर्स टाकताना क्लच दाबून क्षणभर थांबलो नाही तर खर्रकन आवाज यायचा. दुपारी मात्र हा त्रास बराच कमी असायचा. ही दुपारची गोष्ट मी गॅरेजमध्ये सांगितली होती, पण तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. खरं तर सगळं उत्तर तिच्यातच होतं.

पावसाळ्यात हे सुरू झालं आणि थंडीत वाढलं. एका गॅरेजमध्ये स्क्रू फिरवून गाडी परत दिली, फरक शून्य. तिथूनच पंपाच्या दुकानाचा पत्ता मिळाला. पंप उतरवायचा म्हणजे टायमिंग बेल्ट सोडायचा, पंप टेस्ट बेंचवर चढवायचा, सील किट बदलायचं आणि परत बसवताना टायमिंग जुळवायचं. पंपच खराब असेल तर हे सगळं करावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण पंप खराब आहे हे कशावरून ठरवलं, या माझ्या प्रश्नाला "जुन्या गाड्यांचं असंच असतंय" याच्यापलीकडे उत्तर मिळालं नाही.

म्हणून मी कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या उद्यमनगर भागातल्या मामांकडे गेलो. मामा म्हणजे आमच्या ओळखीचे जुने मेस्त्री. उमेदीची वर्षं त्यांनी ऑईल इंजिनवर काढली. नदीकाठच्या उपशाच्या इंजिनांपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं हाताखालून गेलेलं. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या माणसांनी जिथे यंत्रं घडवली त्या गावात असे लोक अजून आहेत, हे आपलं भाग्य आहे. मामा आता गॅरेज चालवत नाहीत, पण पुतण्याच्या शेडमध्ये रोज येऊन बसतात.

त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि पंपाकडे नुसतं बघत राहिले. मग बोट दाखवून म्हणाले, "ह्यो स्क्रू कोण फिरवलं?" लॉकनटवरचा जुना रंग उडालेला, पान्याच्या घसटीने कडा चकाकत होत्या. स्क्रूच्या आट्यांचा बराचसा भाग बाहेर आलेला, आणि तेवढाच भाग स्वच्छ, बाकी सगळ्यावर डिझेल आणि धुळीचा काळा थर. म्हणजे कुणीतरी तो भरपूर मागे घेतला होता. मामा म्हणाले, "आधी मोजून आण. कानानं रेस सांगू नगंस. आन् पंपाला हात लावायच्या आधी त्या लिव्हरला कोण धरून बसलंय ते बघ की."

मोजायचं कसं, हाच पहिला प्रश्न. झेन डिझेलच्या डॅशवर आरपीएमचा काटा नाही. पेट्रोल गाडीचं प्लगच्या वायरीला लावायचं मीटर इथे उपयोगाचं नाही, कारण डिझेलला स्पार्क प्लगच नसतो. आमच्या टूलरूममध्ये प्रकाशावर चालणारा टॅकोमीटर आहे. क्रँक पुलीवर चमकणाऱ्या टेपचा तुकडा चिकटवायचा आणि मीटरचा झोत त्याच्यावर धरायचा, की आकडा दिसतो. तो नसेल तरी एक उपाय आहे. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन ठोके पडतात. म्हणजे ८०० आरपीएमला सेकंदाला सुमारे २७ ठोके आणि १,१०० ला जवळपास ३७. कंपनांची वारंवारता दाखवणारं फोनवरचं ॲप इंजिनजवळ धरलं तर हा फरक स्वच्छ कळतो. पुलीजवळ काम करताना शर्टची बाही, उपरणं, गळ्यातली चेन सगळं आवरून घ्या. हे किरकोळ वाटतं, पण फिरता बेल्ट माणूस ओळखत नाही.

आकडे असे आले. थंड इंजिन १,१०० च्या आसपास. घर ते शिरोली गाडी चालवून आल्यावर १,०५०. तापलेल्या इंजिनाला साधारण ८०० हवेत. महत्त्वाचं म्हणजे १,०५० वर आकडा अगदी स्थिर होता.

तो स्थिरपणा का महत्त्वाचा, ते समजायला पंपाच्या आत डोकवावं लागतं. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलचं झाकण असतं, त्यामुळे रेस चढली की मेकॅनिक आधी फाटलेली व्हॅक्यूमची नळी शोधतो. आमच्या डिझेलला असं झाकणच नाही. फिल्टरमधून येईल तेवढी हवा आत जाते, आयडलिंगलाही आणि फुल रेसलाही. ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूमसुद्धा वेगळा पंप तयार करतो. गती ठरते ती फक्त डिझेलच्या मात्रेवर, आणि ती मात्रा सांभाळतो पंपातला गव्हर्नर. फुगडीचा वेग वाढला की हात ताणले जातात, तशी गव्हर्नरमधली वजनं गती वाढली की बाहेर फेकली जातात आणि डिझेल कमी करतात. गती पडली की स्प्रिंग त्यांना आत ढकलते आणि डिझेल वाढतं. बाहेरची लिव्हर त्या स्प्रिंगचा ताण ठरवते.

म्हणजे रेस चढलेली पण स्थिर असेल तर गव्हर्नर बहुधा आपलं काम नीट करतोय, त्याला हुकूमच चढ्या गतीचा मिळालाय. गव्हर्नरमध्येच दोष असता किंवा डिझेलच्या लाईनीत हवा शिरत असती, तर रेस सहसा अशी एका जागी राहिली नसती, वर-खाली झोके घेतले असते. तरी खात्री म्हणून पंपातून जास्तीचं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या रिटर्नच्या पाईपात पारदर्शक नळीचा तुकडा जोडून बघितला. बुडबुडे नव्हते.

आणखी एक शक्यता आधी निकालात काढली, कारण ती धोक्याची आहे. डिझेल इंजिन स्वतःचं ऑईल जाळायला लागलं तर पंपाने डिझेल कमी केलं तरी गती कमी होत नाही. ऑईल जास्त भरलेलं असेल, किंवा रिंगा झिजून ब्रीदरमधून ऑईल हवेच्या वाटेत जात असेल, तर असं होऊ शकतं. त्याची तपासणी सोपी आहे. चालू इंजिनात पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची, म्हणजे डिझेल बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची, वायर काढायची. डिझेल बंद होताच इंजिन लगेच थांबलं पाहिजे. वायर काढूनही चालत राहिलं तर जे जळतंय ते पंपातून येत नाही. आमचं जागच्या जागी बंद पडलं, डिपस्टिकवर ऑईलही खुणेच्या आतच होतं.

मग पेडलपासून पंपापर्यंत चालत गेलो. पायाखालची मॅट सरकून पेडलला अडत नव्हती. एक्सिलेटर केबल पंपाच्या लिव्हरवरून सोडवली आणि इंजिन परत सुरू केलं. आकडा तोच. म्हणजे ना पेडल, ना त्याची केबल. एक्सिलेटरची लिव्हर हाताने पुढे नेऊन सोडली तर टक्कन मागे येत होती, रिटर्न स्प्रिंगही चांगली.

आता राहिली फास्ट आयडलची लिव्हर. पंपावर ती एका बाजूला असते आणि तिला एक बारीक केबल जोडलेली असते. ही केबल ड्रायव्हरकडे जात नाही. ती जाते सिलिंडर हेडच्या टोकाशी कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) बाहेर पडतं त्या हाऊसिंगमध्ये. तिथे पितळी कवचात मेण भरलेला एक एलिमेंट बसवलेला असतो. इंजिन थंड असताना मेण आकसलेलं असतं, केबल ताणलेली राहते आणि लिव्हर चढ्या रेसवर धरली जाते. कूलंट तापलं की मेण फुगतं, केबल सैल पडते आणि लिव्हर मागे सरकून आयडलिंग स्क्रूवर टेकते. ना वायर, ना फ्यूज, बिघडण्यासारखं फार थोडं. मला ही रचना फार सुंदर वाटते.

टॉर्च मारून बघितलं. तासभर चालवून आणलेल्या गाडीत ही केबल तंबोऱ्यासारखी ताठ होती, आणि लिव्हर व आयडलिंग स्क्रूचं टोक यांच्यामध्ये फट मोजायच्या फीलर गेजचं जाड पान सहज जात होतं. त्या गॅरेजात स्क्रू फिरवून फरक का पडला नाही ते इथेच कळलं. लिव्हर त्या स्क्रूपर्यंत पोचतच नव्हती. स्क्रू कितीही मागे घ्या, न टेकलेल्या लिव्हरवर त्याचा काय परिणाम होणार?

केबलच्या टोकाचा क्लॅम्प ढिला केला. लिव्हर चट्कन स्क्रूवर येऊन बसली आणि रेस धाडकन ६०० वर आली. इंजिन थरथरायला लागलं, बंद पडतंय की काय असं वाटलं. मामा शेजारीच उभे होते. म्हणाले, "बघ, पंप सांगंल ते ऐकतोय. त्याला कशाला उतरवायलास?" या एका कृतीने दोन गोष्टी सिद्ध झाल्या. पंप निर्दोष आहे, लिव्हरला बाहेरून केबल धरून ठेवतेय. आणि स्क्रू गरजेपेक्षा बराच मागे घेतलाय, म्हणून आयडलिंग ६०० वर पडतंय. क्लॅम्प तसाच ढिला ठेवायचा आणि स्क्रू पुढे करून ८०० ला आणायचं, एवढ्यावर बरेच जण थांबतील. गाडी चालेलही. पण मग थंडीतली सकाळची रेस गेली, आणि तापल्यावर केबल सैल का पडत नाही हा मूळ प्रश्न तसाच राहिला. मी क्लॅम्प परत होता तिथे घट्ट केला.

मेणाचा एलिमेंट मेला असेल, असं आता कुणालाही वाटलं असतं. तो मरतोही: कवचातून मेण झिरपतं किंवा आतला दांडा अडकतो. नवा मागवायच्या बेतात होतो, तेवढ्यात रविवारी घरच्यांना घेऊन पन्हाळ्याला जाणं झालं. कोल्हापूरपेक्षा पन्हाळा चारेकशे मीटर उंच. वाघबीळपासून घाट चढून वर पोचलो, गाडी लावली आणि ऐकलं, तर आयडलिंग जवळजवळ योग्य! बॉनेट उघडून बघितलं, केबल सैल पडलेली. संध्याकाळी उतरताना पूर्ण घाट गिअरमध्ये, एक्सिलेटरवरून पाय काढून आलो. वाघबीळला चहासाठी थांबलो तर रेस परत चढलेली, केबल परत ताठ.

चढताना इंजिन राबतं, भरपूर डिझेल जळतं, तापतं. उतरताना पाय उचललेला असतो, गव्हर्नर डिझेल तोडतो आणि समोरून थंड वारा येत राहतो. तरीही चांगल्या इंजिनाचं तापमान घाट उतरताना एवढं पडत नाही, कारण ते सांभाळायला थर्मोस्टॅट असतो, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. आमची केबल मात्र तापमानाबरोबर सैल-ताठ होत होती. म्हणजे एलिमेंट जिवंत होता आणि इमानदारीने काम करत होता. इंजिन गार आहे असं तो सांगत होता, कारण इंजिन खरंच गार होतं.

मग एकेक दुवा जुळत गेला. दुपारी त्रास कमी, सकाळी जास्त. टेम्परेचरचा काटा कायम खालच्या कडेला चिकटलेला, आणि "आपली गाडी गरमच होत नाही" म्हणून आम्ही खूश. डिसेंबरात हीटर लावला तर कोमट हवा. सकाळी बराच वेळ पांढरट धूर आणि अर्धवट जळलेल्या डिझेलचा डोळ्यांना झोंबणारा वास.

पुढची तपासणी कुणालाही घरी करता येईल. सकाळी थंड इंजिन सुरू करायचं आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर (रबरी नळीवर) हात ठेवायचा, पंखा आणि बेल्टपासून लांब. थर्मोस्टॅट ठीक असेल तर तो होज बराच वेळ गार राहतो. इंजिन तापून थर्मोस्टॅट उघडला की मग थोड्याच वेळात हाताला चटका बसेल इतका तापतो. आमचा होज इंजिन सुरू झाल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, आणि कोमटच राहिला. इन्फ्रारेड थर्मामीटर आऊटलेट हाऊसिंगवर धरला तर आकडा पन्नासच्या आसपास घुटमळत होता. तिथे ऐंशीच्या पुढे असायला हवं.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर कूलंट काढून हाऊसिंग उघडलं. थर्मोस्टॅट अडकून उघडा राहिला असेल अशी माझी अटकळ होती. आत थर्मोस्टॅट नव्हताच. बसायची जागा रिकामी, झाकणाच्या सांध्याला मात्र ताजं लाल सीलंट.

ताज्या सीलंटवरून मागचा हिशेब लागला. मे महिन्यात आंबा घाट चढताना गाडी तापली होती. तेव्हा एका गॅरेजमध्ये होज आणि कूलंट बदलून घेतलं होतं. बिलात थर्मोस्टॅट काढल्याचा उल्लेख नाही, तोंडीही कुणी सांगितलं नाही. उन्हाळ्याच्या हवेत इंजिन बिनथर्मोस्टॅटचंही पुरेसं तापत होतं, त्यामुळे आयडलिंगला काही झालं नाही. पाऊस सुरू झाला, हवा गार पडली आणि फास्ट आयडलची केबल ताठ राहायला लागली.

"आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही, काढून टाका" हे वाक्य मी कितीतरी गॅरेजांत ऐकलंय, आणि त्याच्यावर माझा ठाम आक्षेप आहे. डिझेल इंजिन दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर पेटतं. सिलिंडरच्या भिंती गार असतील तर डिझेल नीट जळत नाही, धूर वाढतो, भिंतीवर साचलेलं डिझेल ऑईलमध्ये उतरतं, झीज वाढते आणि ॲव्हरेज पडतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडल्यावर बायपासची वाट बंद होते, अशी रचना असते. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाणी रेडिएटरमध्ये न जाताच परत फिरतं. म्हणजे गाडी तापू नये म्हणून केलेला उपाय घाटात गाडी तापवतो. गाडी तापते तेव्हा रेडिएटर, पंखा, वॉटर पंप, कॅप यातलं काहीतरी बिघडलेलं असतं. थर्मोस्टॅट अडकून बंद राहिला असेल तर नवा घाला. काढून टाकणं ही दुरुस्ती नव्हे.

हाऊसिंग उघडलंच होतं, म्हणून मेणाचा एलिमेंटही केबलसकट बाहेर काढून तपासला. घरच्या गॅसवर पातेल्यात पाणी ठेवलं, त्यात थर्मामीटर, आणि व्हर्नियरने केबलचा उघडा भाग मोजत गेलो. थंड ते गरम यात केबल किमान ६ मिलिमीटर सरकायला हवी. आमची सातच्या वर सरकली. एलिमेंट अगदी ठणठणीत. त्याच पाण्यात दोऱ्याला बांधून नवा थर्मोस्टॅट सोडला. तो कोल्हापुरात लगेच मिळाला नाही, इंजिनाचं नाव आणि जुना पार्ट नंबर देऊन मागवावा लागला. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या जवळ पाणी आल्यावर झडप सुटली, आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडली. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर असल्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, तेवढं या चाचणीला पुरतं. नवा पार्टसुद्धा असा तपासूनच बसवावा, कारण पेटीतून निघालेला प्रत्येक पार्ट चांगलाच असतो असं नाही.

बसवताना थर्मोस्टॅटवरचं हवा जाण्याचं बारीक भोक वरच्या बाजूला ठेवलं. जुना सीलंट खरवडून नवं सील घातलं. कूलंट भरताना हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवली आणि हवा काढायच्या स्क्रूतून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत भरत राहिलो. या इंजिनात हवा अडकून राहिली तर मेणाच्या एलिमेंटभोवती पाणीच पोचत नाही, आणि मग दोष गेला नाही असं वाटून माणूस परत पंपाकडे वळतो.

ॲडजस्टमेंटचा क्रम पाळावा लागतो. आधी इंजिन पूर्ण तापवलं. वरचा होज बराच वेळ गार होता आणि मग झपकन तापला, तेव्हा मामांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. "आता चाललंय इंजिन," एवढंच म्हणाले. तापलेल्या स्थितीत केबलला थोडीशी ढील राहील असा क्लॅम्प बसवला, जेणेकरून लिव्हर पूर्णपणे स्क्रूवर टेकेल. त्यानंतर एसी, दिवे, पंखा सगळं बंद असताना आयडलिंग स्क्रू पुढे घेऊन टॅकोमीटरवर ८०० आणले आणि लॉकनट आवळला. मग ३,००० पर्यंत रेस नेऊन एकदम सोडली. साधारण तीन सेकंदांत खाली यावी, ठरलेल्या आयडलिंगच्या किंचित खाली जाऊन परत सावरावी, आणि इंजिन बंद पडू नये. तसंच झालं. लटकत खाली आली असती किंवा बंद पडली असती तर वेगळा स्क्रू बघावा लागला असता, आणि तो पंपाची माहिती असलेल्या माणसाच्याच हातात द्यावा. फुल रेसच्या सीलबंद स्क्रूला आणि डिझेलची मात्रा वाढवणाऱ्या स्क्रूला आम्ही हातही लावला नाही. मात्रेचा स्क्रू आत गेला की आयडलिंगसुद्धा चढतं आणि काळा धूर येतो, हे लक्षात असू द्या. कुणी पिकअपसाठी तो फिरवला असेल तर तुमच्या चढलेल्या रेसचं कारण तिथे सापडू शकतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनाची रेस ९५० च्या थोडी वर होती, आणि शहर ओलांडायच्या आत ती ८०० वर आली. पांढरा धूर सुरुवातीचा थोडा वेळ, मग बंद. काटा आता मध्याच्या जरा खाली स्थिर असतो. पन्हाळ्याचा घाट परत मुद्दाम उतरून बघितला, वाघबीळला आयडलिंग जागच्या जागी. पासिंगचं नूतनीकरण जवळ आलं होतं, त्यासाठी पीयूसीही काढून घेतली. या जुन्या गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आहे, आणि आमचं रीडिंग तिच्या बरंच आत आलं.

इंडिका, सुमो, क्वालिस, जुन्या महिंद्रा यांत फास्ट आयडलची रचना वेगवेगळी असते. कुठे मेण, कुठे डॅशवरची ओढायची कळ, कुठे एसीसाठी रेस वाढवणारा वेगळा डायफ्राम. पण तपासणीचा क्रम तोच ठेवा. आकडा मोजा, स्टॉपची वायर काढून बघा, एक्सिलेटर केबल सोडा, मग लिव्हरला टेकलेली प्रत्येक वस्तू एकेक करून दूर करा. सगळं सोडवून लिव्हर स्क्रूवर टेकली आणि तरीही रेस चढलेलीच राहिली, तरच पंप उतरवायचा विचार करा.

राहिला प्रश्न मे महिन्याचा. थर्मोस्टॅट परत बसवल्यावर आंबा घाटात गाडी पुन्हा तापणार का? मामांनी रेडिएटर उतरवायला लावला. उद्यमनगरात त्याचं रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळी घालून सफाई, करून घेतलं, तर खालच्या बाजूच्या कित्येक नळ्या गाळाने गच्च भरलेल्या निघाल्या, आणि पुढच्या जाळीत चिखल आणि उसाच्या पाचोळ्याचा थर बसलेला. पंख्याचा स्विचही उशिरा लागत होता, तो बदलला. भर दुपारी चार माणसं आणि एसी चालू ठेवून आंबा घाट चढवून आणला, काटा मध्याच्या वर गेला नाही.